लीडर तुंबला

मराठी माणसाला 'गटार' म्हटलं की त्याची नजर आपोआप पायाशी जाते. अमेरिकेतला घरमालक 'गटर' म्हणाला की मान वर करून छपराकडे बघतो. या एका शब्दापायी इथे आलेल्या नव्या मंडळींची किती करमणूक झाली असेल, त्याला गणती नाही. "या वीकएंडला शिडी लावून गटर साफ करायचंय," असं आम्ही फोनवर सांगितलं तेव्हा पुण्याहून आलेला प्रश्न अगदी रास्त होता : "गटारात उतरायला शिडी समजू शकते, पण तुमच्याकडे म्युनिसिपालिटीची माणसं नाहीत का?"

त्यावर कडी म्हणजे 'लीडर'. छपरावरचं पाणी खाली आणणाऱ्या उभ्या पाइपाला पुस्तकात डाउनस्पाउट म्हणतात, मुंबईच्या सोसायट्यांत डाउनटेक म्हणतात, आणि आमच्या जर्सी सिटीतले जुने लोक त्याला लीडर म्हणतात. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याने आमची तक्रार ऐकून शांतपणे निदान केलं : "तुमचा लीडर तुंबलाय." लीडर वरून सगळं गोळा करतो आणि खाली काहीच पोचू देत नाही, हा प्रकार आम्हांला मायदेशापासून परिचयाचा होता. फरक एवढाच की इथला लीडर आपल्याच हातांनी उघडून साफ करता येतो.

थट्टा राहू द्या. पण या पाइपाने आम्हांला शेजारधर्माचा जो धडा दिला तो सांगण्यासारखा आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्याकडे कोकणात पावसाच्या पाण्याचा हिशेब सरळ होता. उतरतं कौलारू छप्पर, त्यावरून पागोळ्या थेट अंगणात. फार तर दारावर पत्र्याची नाहीतर पोफळीच्या खोडाची पन्हळ, म्हणजे येणाजाणाऱ्याच्या डोक्यावर धार नको. मृगाच्या आधी शाकारणी व्हायची, फुटकी कौलं बदलायची, पन्हळीतला पाचोळा काढायचा. पाणी पडलं की डोळ्यांदेखत अंगणातून परसात, परसातून पऱ्ह्याला. कुणाचं पाणी कुठे गेलं हे पोरालाही दिसायचं. पुढे मुंबईत आलो तर पाइप सोसायटीचा, काळजी सेक्रेटरीची, आणि वार्षिक सभेतली भांडणं सगळ्यांची.

जर्सी सिटीत मात्र पाइप आपला आणि काळजीही आपली. इथल्या पावसाबद्दल आपल्या लोकांचा एक गोड गैरसमज असतो, की बर्फाच्या देशात पाऊस तो किती! प्रत्यक्षात आमच्या भागात वर्षाला साधारण ४६ इंच पाऊस पडतो. पुण्याला तीसच्या आतच. पण पुण्याचा पाऊस चार महिन्यांत उरकतो आणि इथला बारा महिने हप्त्याहप्त्याने येतो. त्यामुळे 'पावसाळ्यापूर्वीची कामं' असा मुहूर्तच सापडत नाही. वसंतात मेपलच्या गिरक्या घेत पडणाऱ्या बिया, उन्हाळ्यात वादळी सरी, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात पानगळ. त्यातही गिंको नावाच्या झाडाची तऱ्हा अशी, की एका कडक थंडीच्या रात्रीनंतर सकाळी ते जवळजवळ सगळी पानं एकदम टाकून मोकळं होतं. फोटो काढायला दृश्य फार सुंदर. पन्हळीत मात्र त्याच पिवळ्या पंख्यांचा ओला गठ्ठा बसतो.

आमचं घर हाइट्स भागात, एकाला एक चिकटून असलेल्या घरांच्या ओळीत. अशा घरांचं छप्पर वरून सपाट दिसतं, पण त्याला मागच्या बाजूला किंचित उतार असतो. मागच्या कडेला आडवी पन्हळ आणि तिच्या टोकाला उभा पाइप. आमच्या आणि शेजारच्या घराच्या पन्हळी मिळून पाइप मात्र एकच, आणि तो कुंपणाच्या पलीकडे, शेजारच्या आवारात. घरं बांधणाऱ्याने शंभर वर्षांपूर्वी एका पाइपाचे पैसे वाचवले होते.

शेजारी फिलिपाइन्सहून आलेल्या एक नर्सबाई. त्यांची आई त्यांच्याच घराच्या बेसमेंटमध्ये राही. म्हातारीला जिने चढवत नसत, आणि खाली मागच्या अंगणात उघडणारं दार होतं. फिलिपिनो लोक आजीला लोला म्हणतात, म्हणून अख्ख्या गल्लीतली पोरं तिला लोलाच म्हणत. आम्हीही.

२०१९ च्या नोव्हेंबरात त्या पाइपाने पहिल्यांदा असहकार पुकारला. मागच्या खोलीच्या भिंतीवर चहा सांडल्यासारखा डाग उमटला. पाऊस आला की पन्हळीच्या कडेवरून पाण्याचा पडदा पडे, आणि तो नेमका लोलाच्या दारासमोर. बाई आमच्या दाराशी आल्या त्या तयारीनिशी.

"पानं तुमच्या बाजूची, पन्हळ तुमची, आणि तुंबला पाइप माझा. हा कुठला न्याय?"

"झाड तर सिटीचं आहे," आम्ही म्हणालो.

"मग सिटीला सांगा माझ्या आईच्या दारात येऊन उभं राहायला!"

यावर उत्तर नव्हतं. एका कंत्राटदाराने येऊन खालूनच मान वाकडी करून पाहिलं आणि सगळी पन्हळ नवीन, वर जाळी, असा जंगी आकडा सांगितला. दुसरा येतो म्हणाला तो आलाच नाही. शेवटी ठरलं, की उंचावरच्या आडव्या पन्हळीसाठी माणूस बोलवायचा, खर्च निम्मा निम्मा, आणि उभा पाइप दोन्ही घरांनी मिळून मोकळा करायचा.

ज्यांना हे काम करायचं आहे त्यांच्यासाठी थोडा अनुभव. पाइप कुठे तुंबलाय हे कळायला डॉक्टरासारखं वाजवून बघायचं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने खालून वर टकटक करत जा. पोकळ आवाज आला तर पाइप रिकामा, 'ठप्प' आवाज आला की तिथे माल आहे. बहुतेक वेळा माल दोनच ठिकाणी सापडतो. एक, पन्हळीतून पाइप भिंतीकडे वळतो त्या एल्बोत. दुसरं, अ‍ॅल्युमिनियमचा पाइप जिथे जमिनीलगतच्या बिडाच्या पाइपात शिरतो तिथे. एल्बो जोडायला वापरलेले स्क्रू आतल्या बाजूला टोक काढून बसलेले असतात. त्यावर पहिलं पान अडकतं, मग त्या पानावर गाव वसतं.

दुसरी गोष्ट म्हणजे वरून जोरात होज सोडण्याचा मोह आवरा. पाइप जमिनीखाली जात असेल तर त्या दाबाने गठ्ठा आणखी खाली जाऊन घट्ट बसतो, आणि तिथून काढायला प्लंबरच लागतो. आधी खालचा एल्बो सोडवायचा, बिडाच्या तोंडावर फडकं कोंबायचं म्हणजे वरची घाण त्यात पडणार नाही, आणि मग खालून वर स्नेक फिरवायचा. शिडी लावायचीच झाली तर चार फूट उंचीला एक फूट या हिशेबाने तिचा पाय भिंतीपासून पुढे घ्यायचा, खाली एक माणूस धरून उभा हवाच, आणि विजेच्या तारा कुठे आहेत ते चढायच्या आधी बघायचं. थंडीच्या आत हे उरकलेलं बरं. भरलेला पाइप गोठला की शिवणीवर उकलतो.

आमच्या पाइपातून जे निघालं त्याची यादी अशी : गिंकोची पानं बादलीभर, मेपलच्या बियांचा लगदा, छपरावरच्या डांबरी कागदाची रेती, पारव्याचं घरटं, आणि एक टेनिसचा चेंडू. तो बघून गल्लीतली दोन पोरं एकदम गंभीर होऊन घरी निघून गेली. लोला दारात खुर्ची टाकून प्रत्येक गोष्ट मोजून घेत होती. शेवटी बादलीभर पाणी वरून ओतलं आणि ते खळखळत खाली गेलं, तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या. आम्हांला वाटलं, संपलं काम.

पण पाणी खाली गेलं म्हणजे नेमकं कुठे गेलं, हा प्रश्न तेव्हा कुणाच्याच डोक्यात आला नाही. त्याचं उत्तर मिळालं १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री.

त्या रात्री आयडा वादळाचा उरलासुरला भाग आमच्या डोक्यावरून गेला. २०१२ च्या सँडीमध्ये पाणी नदीतून आलं होतं. जर्सी सिटीचा डाउनटाउन भाग आणि शेजारचं होबोकेन त्यात बुडालं, पण हाइट्स टेकडीवर असल्याने पुराची ती धास्ती आम्हांला कधीच नव्हती. आयडाचं पाणी आकाशातून आलं, आणि आकाशापुढे टेकडी काय अन् सखल काय! न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एका तासात ३.१५ इंच पाऊस मोजला गेला. नूअर्कला दिवसभरात ८.४१ इंच. ज्यांनी २६ जुलै २००५ चे सांताक्रूझचे ९४४ मिलिमीटर, म्हणजे ३७ इंच, अंगावर घेतले असतील त्यांना हे आकडे किरकोळ वाटतील. पण प्रत्येक गावाच्या नळ्या त्या गावाच्या पावसाच्या बेताने घातलेल्या असतात.

आता थोडं गणित करू. एक हजार चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस पडला की साधारण ६२३ गॅलन, म्हणजे २,३५० लिटरच्या वर पाणी होतं. ८.४१ इंचांचं झालं जवळजवळ २० हजार लिटर. आपल्या भाषेत दहा हजारी टँकर दोन. आमचं छप्पर साधारण तेवढंच आहे, शेजारचंही तेवढंच. म्हणजे त्या एका पाइपातून चार टँकर पाणी खाली जायचं होतं. पाइप मोकळा होता. त्याने आपलं काम चोख केलं. पन्हळीवरून एक थेंब सांडला नाही.

रात्री नऊच्या सुमाराला बाईंचा फोन आला. लोलाच्या खोलीत पाणी येत होतं. आम्ही धावलो. दाराखालून येत असेल म्हणून टॉवेल घेऊन गेलो तर दार कोरडं. पाणी येत होतं फरशीतल्या मोरीच्या जाळीतून आणि न्हाणीघरातून. काळं, घाण, वास मारणारं पाणी खालून वर उकळी फुटल्यासारखं येत होतं. लोला पलंगावर पाय वर घेऊन बसली होती. आम्ही तिघांनी मिळून तिला खुर्चीसकट वर नेलं. औषधांचा डबा, पासपोर्टची पिशवी आणि मेरीची मूर्ती एवढंच बरोबर. अर्ध्या तासात खाली गुडघाभर पाणी झालं.

मराठीत 'वळचणीचं पाणी आढ्याला जाणं' असं म्हणतात, उलटी गंगा वाहिली की. त्या रात्री आमच्याकडे आढ्याचं पाणी जमिनीच्या पोटातून वर आलं.

दुसऱ्या दिवशी बातम्या आल्या तेव्हा हात गार पडले. न्यूयॉर्क शहरात त्या रात्री १३ माणसं गेली, त्यांतली ११ तळघरातल्या घरांत. न्यू जर्सीत तिसाच्या आसपास, त्यांतली बरीच गाडीत अडकून. तळघरात गेलेले लोक बहुतेक बाहेरून आलेले, भाड्याने राहणारे, आपल्यासारखेच पोटामागे आलेले. आपल्या मंडळींपैकी किती जणांनी या देशातली पहिली दोन वर्षं जर्नल स्क्वेअरच्या आसपास बेसमेंटमध्ये काढली आहेत, ते आठवा. स्वस्त भाडं, पाथ ट्रेन जवळ, आणि न्यूअर्क अ‍ॅव्हेन्यूवर भाजी-डाळ-तांदूळ मिळतोय, एवढं बघून आपण खोली घेतो. मोरी कुठे आहे आणि खिडकीतून माणूस बाहेर पडेल का, हे कोण बघतं?

पाणी उलटं का आलं हे आम्हांला प्लंबरने नीट समजावून सांगितलं. तो वयस्कर माणूस, गावच्या नळ्यांचा जणू कुलवृत्तांतच त्याला पाठ. जर्सी सिटीसारख्या जुन्या शहरांत घरातलं सांडपाणी आणि पावसाचं पाणी एकाच नळीतून जातं. न्यू जर्सीत अशी २१ गावं आहेत. नूअर्क, होबोकेन, बेयॉन, पॅटर्सन, एलिझाबेथ ही त्यांतलीच. कोरड्या दिवशी हे पाणी नूअर्कच्या शुद्धीकरण केंद्राकडे जातं. जोराचा पाऊस आला की नळीत मावत नाही, मग जादा पाणी मैल्यासकट थेट हडसन आणि हॅकेन्सॅक नद्यांत सोडलं जातं. आणि तेही पुरेसं पडलं नाही, की ते ज्या वाटेने आलं त्याच वाटेने परत फिरतं आणि पहिलं सखल तोंड शोधतं. आमच्या गल्लीतलं ते तोंड म्हणजे लोलाची मोरी.

आम्ही विचारलं, मग यावर उपाय काय? तो म्हणाला, बॅकवॉटर व्हॉल्व्ह बसवा. बाहेर जाणाऱ्या नळीवरची ती एक झडप. पाणी बाहेर जातं तेव्हा उघडी, उलटं येऊ लागलं की बंद. बाईंनी लगेच होकार दिला. पण तो पुढे म्हणाला, "थांबा. ही झडप बंद झाली की घरातलं पाणीसुद्धा बाहेर जाणार नाही. आणि तुमचा लीडर याच नळीला, झडपेच्या आतल्या बाजूला जोडलेला आहे. म्हणजे रस्त्याचं पाणी थांबेल, पण दोन छपरांचं पाणी या बेसमेंटमध्येच भरेल."

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. आमच्या छपरावर पडणारा थेंब न थेंब कुंपणापलीकडे जाऊन, लोलाच्या खोलीच्या जमिनीखालून रस्त्याला लागत होता. शंभर वर्षं त्याची कुणाला खबर नव्हती, कारण पाणी दिसत नव्हतं. अंगणातून पऱ्ह्याला जाणारं पाणी सगळ्यांना दिसतं. पाइपातलं दिसत नाही, म्हणून ते कुणाचंच नसतं. तुंबलेला पाइप मोकळा करून आम्ही दोन्ही घरांनी पाणी फक्त अधिक वेगाने पुढे ढकललं होतं.

कायद्याने आम्हांला कुणी काही करायला भाग पाडत नव्हतं. जोडणी जुनीच होती. पण ज्या म्हातारीला खुर्चीसकट उचलून वर नेलं तिच्या पलंगाखालून आपले दोन टँकर पाठवायचे, हे जमण्यासारखं नव्हतं. २०२२ च्या वसंतात परमिट काढून आम्ही आमची पन्हळ वेगळी केली. तिचा उतार दुसऱ्या बाजूला फिरवला (दर दहा फुटांना पाव इंच उतार पुरतो) आणि आमच्या आवारात नवा पाइप उतरवला. बाईंनी त्यांचा पाइप झडपेच्या बाहेरच्या अंगाला जोडून घेतला. खर्च झाला, आणि तो वाटून घेण्यासारखा नव्हता, ज्याचा त्याने केला.

आमचं पाणी आता कुठे जातं? आधी ५५ गॅलनच्या पिंपात. पण पिंपाच्या भरवशावर राहू नका. हजार फुटांच्या छपरावर इंचाचा दहावा भाग पाऊस पडायच्या आतच ते भरतं. त्यानंतर पाणी मागच्या कुंपणालगतच्या खड्ड्यात जातं, भिंतीपासून चांगलं बारा फूट लांब. तिथलं काँक्रीट फोडून आम्ही खडी आणि माती भरली. तीही भरली तर उरलेलं पाणी अंगणातल्या जाळीतून सिटीच्या नळीत जातं, पण सावकाश, आणि पावसाचा भर ओसरल्यावर. म्हणजे चार टँकर एकदम अंगावर आले तर आमची दोन पिंपं आणि एक खड्डा ते अडवतील असं नाही. पण वरच्या प्रत्येकाने थोडं थोडं पाणी थोडा वेळ धरून ठेवलं तर खालच्याच्या मोरीत तेवढं कमी येतं, हे गणित पक्कं आहे.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. घराच्या साध्या इन्शुरन्समध्ये पूर येत नाही आणि मोरीतून उलटं आलेलं पाणीही सहसा येत नाही. त्यासाठी वेगळी पुरवणी घ्यावी लागते, तेव्हा आपली पॉलिसी आजच काढून वाचा. आणि घरात कुणी बेसमेंटमध्ये झोपत असेल, आईवडील, भाचा, भाडेकरू, कुणीही, तर मोठ्या पावसाचा इशारा आल्या रात्री अंथरूण वरच्या मजल्यावर. याला चर्चा नाही. आमच्या गल्लीत आता तसे फोन आपोआप फिरतात.

आपल्या सणांत आम्ही या कामाची सोय लावून टाकली आहे. अक्षय तृतीयेच्या सुमाराला पन्हळ एकदा बघायची. दसऱ्याला शस्त्रपूजेत शिडी आणि स्नेक यांना हळदकुंकू. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी, शेवटचं पान पडल्यावर, दोन्ही घरांची सफाई एकदम. शिडी आमची, धरणारे हात बाईंचे. पाइप वेगळे झाले तरी शिडी एकच राहिली आहे.

आणि त्या खड्ड्यात आम्ही काय लावलं असेल? आपल्याकडे न्हाणीच्या पाण्यावर जे लावतात तेच, अळू. न्यूअर्क अ‍ॅव्हेन्यूवरून आणलेले कंद मे महिन्यात लावतो आणि थंडी पडायच्या आत काढून ठेवतो. पावसाच्या पाण्यावर पानं सुपाएवढी होतात. पहिल्या वर्षी लोला कुंपणाशी येऊन बराच वेळ बघत राहिली आणि लेकीला काहीतरी म्हणाली. फिलिपाइन्समध्येही अळू खातात. नारळाच्या दुधात शिजवतात, त्याला लाइंग म्हणतात. निम्मी पानं कुंपणावरून पलीकडे गेली. संध्याकाळी तिकडून लाइंगचा डबा आला, इकडून अळूवड्यांचा गेला.

लोला आता त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते. बाईंनी जिन्याला विजेची खुर्ची बसवून घेतली आहे. जोराचा पाऊस आला की ती खिडकीत बसून आमच्या पाइपाकडे बघते, आणि पाणी अळवात नीट पडताना दिसलं की हात हलवते. पाऊस थांबल्यावर आम्ही बाहेर जाऊन जाळीवरची पानं काढतो. गिंकोची असली की अजूनही मोजून घेते.